पावण्यांची गाडी

"ओ मावशी, उतरा खाली. ही गाडी पावण्यांची हाय."

ड्रायव्हरनं मान वळवली नाही. आरशात बघून बोलला. माझा एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर. आत पोरी बसलेल्या, आणि मागच्या सीटा रिकाम्या.

"रिकामी हाय की जागा. माझा फाटा वाटंतच लागतोय. सोड की."

"साहेबांनी सांगितलंय. लोकल बायका चढल्या की गाडीचा बाजार हुतोय."

रस्त्यावर माझ्या मागं आमच्याच लाइनीतल्या दोघी हसल्या. मी उतरले. गाडी गेली. हायवेपर्यंत धुळीतून चालताना मी त्या गाडीतल्या एकेका पोरीला शिव्या घातल्या. ड्रायव्हरला नाही. पोरींना.

कागलजवळच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. लहान पोरांचे कपडे शिवतो, माल परदेशी जातो. मी तेव्हा चेकर होते. शिवलेला कपडा माझ्या टेबलावर यायचा, मी सुटलेला धागा, वाकडं काज बघायचे आणि दुरुस्तीला परत मारायचे. लाइनीतल्या बायका मला भ्यायच्या. मला ते आवडायचं.

मग मालकांनी झारखंडकडून पोरी आणल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभ्या केल्या आणि म्हणाले, "ह्या माझ्या पावण्या. ह्यांना काय कमी पडलं तर माझ्याशी गाठ हाय." तेव्हापासून त्यांचं नाव पावण्या. पावण्यांची गाडी, पावण्यांचं हॉस्टेल.

मी जळले. मी मुळातच जळकी आहे, जावेच्या फ्रीजवर दोन उन्हाळे जळले होते. पण हे जळणं रोजचं होतं. त्यांना दारापासून दारापर्यंत गाडी. दुपारी गरम भात, आमच्या डब्यात सकाळची भाकरी. हॉस्टेलवर टीव्ही आहे म्हणे. आजारी पडल्या तर डॉक्टर तिथंच येतो म्हणे. मला ताप आला तर मी रजा टाकायची, रिक्षा बघायची, दवाखान्यात नंबर लावायचा. आमच्याच मातीत आम्ही उपऱ्या आणि ह्या पावण्या. असं मी बोलून दाखवायचे, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं.

त्यांच्यातल्या फुलमणीचं मशीन माझ्या टेबलाजवळ होतं. तिची कॉलर कधी परत मारावी लागत नसे, म्हणून तिचा राग जास्त. एक दिवस ती गालावर हात दाबून आली.

"दीदी, लौंग है? दाँत दुखता है."

"गाडी हाय की तुमाला. जा की डॉक्टरकडं."

"जाने नहीं देते."

"रविवारी?"

"रविवार को भी नहीं."

मी विश्वास ठेवला नाही. नखरे, म्हटलं.

पण रविवारी मी पिशवीत लवंगा टाकल्या आणि निघाले. लवंग हे निमित्त. मला तो टीव्ही बघायचा होता. ते हॉस्टेल आतून कसं आहे ते एकदा डोळ्यांनी बघून नीट जळायचं होतं.

हॉस्टेल म्हणजे जुनं मंगल कार्यालय. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मी तिथं जेवले होते. फाटकावर 'सुस्वागतम्' अजून तसंच. आणि त्याच्या खाली, बाहेरच्या बाजूनं, भलंमोठं कुलूप.

वॉचमन खुर्चीत बसून शेंगा खात होता.

"फुलमणीला भेटायचंय."

"आधी साहेबांचा फोन यायला पायजे."

"आणि तिला बाहेर यायचं असलं तर?"

त्यानं शेंग फोडली. "ती कशाला यील बाहेर?"

तो मस्करी करत नव्हता. हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता.

मी भिंतीकडेनं मागं गेले. जिथं वाढपी भांडी घासायचे तिथली खिडकी उघडी होती. गजाआड फुलमणी. अर्धा चेहरा सुजलेला, डोळा बारीक झालेला. मी लवंगा गजातून दिल्या. डॉक्टर आला का विचारलं. एकदा आला होता, गोळ्या देऊन गेला. मग गावी का जात नाहीस? आधार कार्ड मालकीणबाईंच्या कपाटात. फोन? संध्याकाळी मिळतो, वॉर्डनसमोर बोलायचं, स्पीकर लावून.

मग रस्त्याच्या वळणाकडं बोट करून तिनंच विचारलं, "दीदी, उस मोड़ के आगे क्या है?"

ती इथं येऊन दुसरा पावसाळा चालू होता. पोरगी रोज त्या वळणाच्या अलीकडून गाडीत बसायची आणि उलट्या बाजूला जायची. वळणापलीकडं काय आहे ते तिला माहीत नव्हतं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "ऊस. आन एक चहाची टपरी."

ती टपरी ऐकून हसली. सुजलेल्या तोंडानं.

आमच्याकडं रस्ता विचारणारा अनोळखी माणूससुद्धा पावणं. घरी आला की चहा. उठला की "बसा की, गडबड काय हाय" म्हणायचं, हात धरायचा. पण तो आग्रह तोंडानं करतात. कुलपानं नाही. कधी जायचं ते पावण्यानं ठरवायचं असतं. जो जाऊ शकत नाही त्याला दुसरं नाव आहे, आणि ते मालकांना चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी हा शब्द निवडला. आणि मी त्या शब्दावर जळत बसले.

त्याच आठवड्यात मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. मला त्या केबिनमध्ये कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"मावशी, परदेशी कंपनीकडून मॅडम येणार हाईत. कामगारांना जबरदस्ती न्हाई ना, बघायला. तुमी बोलायचं."

"मी का?"

"गाडीवरनं भांडलासा ते कळलं मला. पावण्यांचे लाड तुमाला बघवत न्हाईत, सगळ्या शेडला म्हाईत हाय." तो हसला. "तेच सांगायचं. आमी शंभरदा सांगून खरं वाटणार न्हाई. तुमचा जळफळाट बघून वाटंल. उद्यापासनं तुमाला गाडीत सीट. पुढची."

गाडीतून उतरवलं तेव्हा मला लाज वाटली होती. ह्या वेळी वाटली ती वेगळी. माझ्या पोटातलं दुखणं ह्या माणसानं बाजारात मांडायला काढलं होतं.

मॅडम आल्या. माझ्यापेक्षा लहान. पायात मऊ बूट, हातात टॅब, जवळ स्टीलची बाटली. त्यांच्यावरही मी जळले, का लपवू? ती बाई कुठंही शिरून काहीही विचारू शकत होती, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणार होती.

"हॉस्टेलच्या मुली खूश आहेत?"

"त्यांचे लई लाड हाईत," मी म्हटलं. दाराशी उभ्या मॅनेजरचा चेहरा सैल झाला. "गाडी हाय. भात हाय. टीव्ही हाय. फकस्त कुलूप बाहेरनं हाय."

मॅडमची बोटं टॅबवर थांबली.

"चला, दाखवतो," मी म्हटलं. आमच्याकडं बायाही 'दाखवतो, येतो' असंच बोलतात. मॅडमना हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "हॉस्टेलची पाहणी आजच्या कामात नाहीये."

"मग आजचं काम काय हाय? पंखे मोजायचं?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग उठल्या.

पावण्यांच्या गाडीतच गेलो. मी पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हर आरशात बघत होता. फाटकाशी कुलूप होतं, वॉचमनकडं चावी नव्हती. चावी मॅनेजरच्या खिशात. तो येईपर्यंत मॅडम 'सुस्वागतम्'खाली उन्हात उभ्या राहिल्या, आणि आतून दातदुखीनं कामावर न आलेली फुलमणी त्यांच्याकडं बघत राहिली.

ह्याचं पुढं काय झालं? फुलमणीचा दात काढला, वॉर्डनच्या पहाऱ्यात. कुलूप बाहेरचं आत गेलं, चावी आता वॉचमनकडं. मॅडमनी सुधारणा झाल्याचं कळवलं, ऑर्डर चालू राहिली. कार्डं अजून त्याच कपाटात. मला टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं. लाइनीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. "जळकी हाय, आपल्या सगळ्यांचं काम घालवायला निघालीया," असं मॅनेजरनं पसरवलंय. जळकी आहे, ते खरं आहे.

मी लेबर ऑफिसात तक्रार दिली आहे, नाव घालून. मॅडमच्या कंपनीलाही कळवलं आहे की तुमची सुधारणा कुठल्या खिशात असते. दर रविवारी मी त्या फाटकाशी जाते आणि वॉचमनला विचारते, "फुलमणीला टपरीवर चहा प्यायला यायचंय. सोडता का?" तो नाही म्हणतो. मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारते. कामावरून काढलं तरी विचारणार. त्याला तो प्रश्न पाठ होईपर्यंत, आणि मग त्याच्या साहेबाला.

चावी पोरींच्या हातात, कार्ड पोरींच्या पिशवीत. ह्याच्यापेक्षा कमी मी काही घेणार नाही. गाडीतली सीट तर नाहीच.

फुलमणी एकटी वळण ओलांडून हायवेवर येईल, एसटी चुकेल, आणि माझ्या शेजारी धुळीत उभी राहून कंडक्टरला शिव्या घालेल. तोवर मी थांबत नाही.