खुर्चीवरून खुर्चीला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — ती शेजारच्या खोलीत आहे, म्हणून दार लोटून घेतलंय. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. तरी तुमच्यावर माझा एक डोळा आहेच. स्वभाव आहे, जात नाही.

मी ग्वाल्हेरचा, दाना ओलीतला. नोकरी विमानतळावर, टॉवरमध्ये — विमानाला थांब, उतर, जा म्हणणारा माणूस. कुठल्या शहरात ते विचारू नका. ग्वाल्हेरात नव्हे, एवढं पुरे. आमच्या टॉवरमध्ये निम्म्या जागा रिकाम्या होत्या. सुट्टी मागितली की साहेब ड्यूटीचा चार्ट पुढे सरकवायचे — तूच सांग, तुझ्या जागी कुणाला बसवू? मग एका ड्यूटीला दुसरी चिकटायची. उघड्या डोळ्यांनी झोप लागते, हे मला तिथेच कळलं.

वैशाली माझ्या शेजारच्या खुर्चीत. तीही ग्वाल्हेरचीच, बिर्ला नगरची, माझ्याहून बरीच लहान. गावची म्हणून मला दादा म्हणायची. तिनं खालचे फोन घ्यायचे आणि मला सांगायचं, असं आमचं काम. तिच्याकडे एक छोटी डायरी होती. एकदा माझी मान खाली गेली, दचकून बघतो तर हिचं पेन चालू. झालं — डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ही माझं पेंगणं टिपून ठेवतेय. कुणाच्या सांगण्यावरून? साहेबांच्या? की माझी खुर्ची हवीय हिला? त्या डायरीत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. सरळ विचारलं असतं तर तिनं दाखवलीही असती.

मग ती दुपार. धावपट्टीवर गाडी गेली की समोरच्या बोर्डावर लाल पट्टी आडवी लावायची, आणि ती काढेपर्यंत कुणालाही उतरू द्यायचं नाही, असा नियम. तपासणीची जीप निघाली. वैशालीनं फोन ठेवला, मला सांगितलं. मी — हो, मी ‘हां’ म्हटलं. शब्द कानात गेले. हात पट्टीकडे गेला नाही. थोड्या वेळानं मी एका विमानाला उतरायची परवानगी दिली. वैशाली किंचाळली, तेव्हा कुठे मी त्याला पुन्हा वर जा म्हणालो. ते जीपच्या डोक्यावरून गेलं. जीपचा ड्रायव्हर नंतर वर आला, पाणी प्यायला आणि खाली उतरला.

चौकशी बसली. माइकवरचं, फोनवरचं सगळं टेप होतं. खुर्चीवरून खुर्चीला बोललेलं मात्र आमच्याकडे होत नव्हतं. मला वाटलं, आता ती डायरी बाहेर निघणार आणि मी आयता सापडणार. म्हणून तिच्याआधी मीच लिहून दिलं — जीपचं मला कुणी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. हा तर अर्धाच.

तिचा जबाब व्हायचा होता. त्याआधी दोघांनाही घरी, ग्वाल्हेरला पाठवलं होतं. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ती आईबरोबर आली. आत बायकांची गर्दी, मी बाहेर गॅलरीत. पन्ह्याचा पेला घेऊन ती माझ्यापाशी आली, मोबाइल कठड्यावर पालथा ठेवला. रेकॉर्ड करतेय — माझ्या मनात पहिलं हेच आलं.

“दादा, सच सांगा. मी जीपचं बोलले होते ना? मला वाटतं बोलले. पण लगातार डबल ड्यूटी झाली होती... काही पक्कं आठवत नाही.”

कळलं का तुम्हाला? ती मला अडकवायला आली नव्हती. तिचा स्वतःच्याच डोक्यावरचा भरवसा उडाला होता, आणि दुसरा साक्षीदार जगात मी एकटा. मी त्या पालथ्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हणालो, “नाही. तू काहीच बोलली नाहीस.”

तिनं पेला कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, “बरं झालं विचारलं. नाहीतर उद्या परत जाऊन त्याच खुर्चीत बसले असते.” जाताना तिनं माझ्या मुलीकडे चार्जर मागितला. मोबाइल कधीचाच बंद पडला होता. तेव्हाही मी तिला हाक मारली नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त — हायसं वाटलं.

तिनं जबाबात चूक स्वतःवर घेतली आणि नोकरी सोडली. मी अजून त्याच खुर्चीत आहे. ती ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात भावाच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात बसते. घरी कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येते, ओढून बघते, मग आईला विचारते — लावलं ना मी? तिच्या आईनंच हे माझ्या बायकोला सांगितलं.

सुट्टीवर आलो की मी त्या दुकानात जातो. का जातो, माहीत नाही. ती उठून मला स्टूल देते. उदबत्ती, कापूर, वाती पिशवीत भरते, पिशवी पुन्हा उघडून बघते आणि विचारते, “दादा, सगळं दिलं ना मी?”

मी हो म्हणतो. मग तिला पुन्हा बघावं लागत नाही. मी सांगितलेलं तिला खरं वाटतं.