पडद्याशिवाय टाइप केलेलं पान

माझ्या वहिनींबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. तसं कुणी पुढे आलं नाही, म्हणून मी लिहितो. कमीजास्त झालं तर दोष माझा.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर जिन्याखालच्या खोलीत एक जुना संगणक मांडून त्या लोकांचे अर्ज, भाषणं, प्रबंध टाइप करून देतात. टाइप करताना पडद्याकडे बघतच नाहीत. खिडकीबाहेर बघतात, आणि रस्त्यावरून कोण गेलं हेही वर सांगतात.

एका शनिवारी तो पडदा काळा पडला. पुतण्याला निमित्तच मिळालं.

"आई, आता पुरे. दुरुस्तीवाला 'गेला' म्हणाला, तर उद्या हे धूड भंगारात. तू आराम कर."

आराम म्हटलं की वहिनींचा चेहरा एवढासा होतो.

दुरुस्तीवाला आला. त्यानं पडदा पुतण्याच्या लॅपटॉपला जोडून पाहिला, चित्र लख्ख. वायर बदलून पाहिली, फरक नाही. मग मान हलवून म्हणाला, "मदरबोर्ड गेला, मावशी. यात चित्र काढणारा भाग बोर्डावरच बसवलेला असतो."

"बोर्ड गेला, मग पंखा कुणाच्या जिवावर फिरतोय?"

"पंखा काय, नुसत्या विजेवरही फिरतो."

वहिनींनी कीबोर्डावरचं आकडे चालू-बंद करायचं बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "मेलेला माणूस हाक मारल्यावर ओ देतो का हो?"

त्यानं डोकं खाजवलं. मी बॅटरीचा उजेड धरला आणि त्यानं मेमरीची पट्टी काढून संगणक चालू केला. पट्टी नाही म्हणून डबा केकाटायला लागला. पट्टी परत बसवली, तर एकदाच 'टुक' करून गप्प. "तक्रार तर काही करत नाही," तो पुटपुटला.

"सरका जरा," म्हणत वहिनींनी खुर्ची ओढली. माउसशी त्यांचं कधीच जमलं नाही, म्हणून संगणक चालू झाला की टायपिंगचा प्रोग्राम आपोआप उघडेल अशी सोय त्यांनी करून घेतली होती. त्यांनी मनात शंभर आकडे मोजले, आणि काळ्या पडद्यासमोर, खिडकीबाहेर बघत, टाइप करायला लागल्या. शेवटी मजकूर जपून ठेवायची आणि छापायची दोन-तीन बटणं दाबली. कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला. कागद बाहेर आला:

'बोर्ड शाबूत आहे. बुद्धी शाबूत आहे. फक्त दाखवता येत नाही. सबब भंगारात पाठवू नये, ही विनंती. अर्जदार, संगणक.'

दुरुस्तीवाला हसता हसता स्टुलावर बसला. "चित्राचाच भाग गेलाय, मावशी. बाकी गडी ठणठणीत आहे." वहिनींचं मात्र लक्ष कागदावर. "'फक्त'च्या आधी एक जागा जास्त सुटली," म्हणून त्या हळहळत होत्या.

तो दुकानात जाऊन एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला आणि त्यानं ते बोर्डावरच्या रिकाम्या खाचेत दाबून बसवलं. "आता चित्र हे काढेल. लावा बघू वायर." मी वायर लावली. त्यानं बटण दाबलं.

पडदा काळाच.

पुतण्या खाकरला. वहिनींचे हात मांडीवर येऊन पडले. दुरुस्तीवाल्यानं डब्यामागे डोकं घातलं.

"वायर कुणी लावली?"

"मी," मी कसाबसा म्हणालो. सवयीनं नेहमीच्याच जागी, बोर्डावरच्या भोकात लावली होती. कार्डाचं भोक त्याच्या खाली चार बोटांवर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "नवं घर बांधलं, आणि तुम्ही पाहुण्यांना जुन्याच दारात उभं केलंत!"

वायर खाली आली आणि पडदा उजळला. जपून ठेवलेला मघाचा अर्ज उघडला, तर तो तसाच तिथं होता. वहिनींनी आधी ती जास्तीची जागा खोडली.

"मग आराम कधी करणार?" पुतण्यानं विचारलं, पण आता आवाजात धार नव्हती.

"करेन की. आधी या प्रबंधाची चाळीस पानं संपू देत." त्यांनी हस्तलिखिताचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. "मोठ्यानं वाच. आणि स्वल्पविराम गिळू नकोस."

रविवारी दुपारपर्यंत तो वाचत होता. दोनदा स्वल्पविराम गिळला, दोन्ही वेळा पकडला गेला.