ऑगस्टमधला धबधबा

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी घरांत सहल ठरली की पहिला फोन धर्मराज गजभियेला जायचा. कुठलं मोटेल स्वच्छ, कुठल्या हायवेवर भात मिळतो, सगळं त्याला पाठ. नागपूरहून आलेला हा इंजिनिअर एरवी चारचौघांत तोंड उघडायचा नाही. समोर नकाशा पसरला की मात्र त्याला कंठ फुटायचा.

शहाण्णव साली त्याची आई, कमलाबाई, सहा महिन्यांसाठी आली. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना वळण लावण्यात जन्म गेलेली बाई. तिच्यापुढे अमेरिका एकेक विषय घेऊन उभी राहिली आणि नापास होत गेली. शिकागोतली गगनचुंबी इमारत दाखवली, तर म्हणाली, "लिफ्ट बंद पडली म्हणजे?" मिशिगन सरोवर दाखवलं, तर म्हणाली, "आपला अंबाझरी तलाव याहून सुबक आहे."

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना तिच्या वस्तीतल्या बाया जेवण वाढतात. त्याआधी तिला परत पोचायचं होतं. त्यावर वाद नव्हता. पण एकदा भांडी पुसताना ती सहज म्हणाली, "एकदा पाहून झालं. आता मी काही पुन्हा यायची नाही." वडील गेल्यापासून ती एकटी राहायची. ते वाक्य ऐकून धर्मराजने त्याच रात्री नकाशा पसरला.

त्याने हुकमी पान काढलं. कॅलिफोर्नियातला योसेमिटीचा धबधबा, दोन हजार फुटांहून उंच. तिथे आई नक्की विरघळणार. ऑफिसमधल्या एका गोऱ्याने सांगितलं, ऑगस्टमध्ये नको, मेमध्ये जायला हवं होतं. धर्मराज घरी येऊन पोट धरून हसला.

"भर उन्हाळ्यात धबधबा पाहायला पाठवतोय यार! ऐन श्रावणात चिखलदऱ्याचे धबधबे कसे असतात, याला कोण सांगणार?"

"विमानात रेनकोट हातात ठेवू की बॅगेत?" बायको उपासनाने विचारलं.

ऑगस्टच्या शेवटी चौघं त्या दरीत उतरली. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती, इतक्या उंच, की आपलं नाव उगाच एवढं मोठं ठेवलंय असं धर्मराजला वाटावं. रेनकोट घालून ती पायवाटेने निघाली. आवाज येईना. झाडं संपली. समोर कडा होता आणि त्यावरून खाली आलेला एक लांबलचक काळा डाग. पायथ्याशी कोरडे धोंडे.

"डॅड," आठ वर्षांची पायल म्हणाली, "इट्स जस्ट अ रॉक."

धर्मराज हॅटवाल्या रेंजरकडे धावला. तो शांतपणे म्हणाला, इथे पाऊस हिवाळ्यातच. वर बर्फ साचतं, ते वसंतात वितळतं आणि ऑगस्टपर्यंत संपतं. मेमध्ये इथे उभं राहिलात तर भिजून जाल. मग त्याने रेनकोटांकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे तोंड फिरवलं.

धर्मराजने परत येऊन सगळं सांगितलं. खालच्या मानेने. कमलाबाईने आधी कड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग स्वतःच्या अंगावरच्या पिवळ्या रेनकोटाकडे. आणि ती हसायला लागली. धोंड्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईतो.

"अरे बाप्पा! एकदम तुझा बाप!"

"म्हणजे?"

"लग्न झाल्यावर मला मोठ्या थाटात सर्कस पाहायला नेलं होतं त्यांनी. सर्कस आदल्याच दिवशी उठून गेलेली. तंबूच्या खड्ड्यांत उभं राहून आम्ही भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या."

"हे कधी सांगितलं नाहीस तू."

"तू कधी असा फसला नव्हतास न." तिने पदराने डोळे पुसले. "मेमध्ये पाणी येतं म्हणाला न तो?"

"हो."

"मग मेचं तिकीट काढ. नागपूरचा मे तसाही कोणाला पाहिजे!"

धर्मराज जागचा हलेना. उपासनाने त्याला कोपराने ढोसलं.

"आता तो रेनकोट तरी काढा. लोक फोटो घेताहेत तुमचा."