गुलाबभाऊची सही

“वकीलसाहेब, तपास चालू हाय. पंचनामा तुम्हाले काहून दाखवू?” हवालदारांनी फाइल बाजूला सारली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवा वकील. माझा पक्षकार सुखदेव इतवारीच्या बाजारात हातगाडी ओढायचा. ट्रकने त्याला उडवलं, पाय कायमचा अधू झाला. ट्रकमालक म्हणे, हातगाडीच रस्त्याच्या मधोमध होती. ते खरं ठरलं असतं तर सुखदेवच्या भरपाईवर पाणीच पडलं असतं. म्हणून मला पंचनामा हवा होता. अपघाताच्या जागी जे दिसलं ते पोलीस दोन पंचांसमोर लिहून काढतात, तो पंचनामा.

मी चिडलो, पण हवालदारांचं बरोबर होतं. आज मला दाखवला असता, तर उद्या ट्रकमालकालाही दाखवावा लागला असता. चार्जशीट कोर्टात गेल्यावर मी रीतसर नक्कल काढली. ‘हातगाडी डाव्या कडेला, नालीजवळ.’ वा! मग खालची सही पाहिली आणि धाबं दणाणलं.

गुलाबभाऊ. ठाण्यासमोरचा पानठेलेवाला. पंच मिळाला नाही की पोलीस त्यालाच हाक मारत आणि तो ठेल्यावर बसूनच सही ठोकत असे. सगळ्या कोर्टाला हे ठाऊक. दुसरा पंच गाव सोडून गेलेला. नुसता कागद पुरावा होत नाही, पंचाला येऊन सांगावं लागतं. नाइलाजाने मी गुलाबभाऊला समन्स काढलं. भेटायला मात्र गेलो नाही. काय ऐकायला मिळणार ते ठाऊकच होतं.

क्लेम ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टात, ट्रकमालकाचे वकील उलटतपासणीला हसतच उठले. “गुलाबराव, सही ठेल्यावरच करता ना?”

“हो साहेब, नेहमी ठेल्यावरच.”

हशा पिकला. सुखदेवची बायको तानाबाई माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घातली.

“म्हणजे जागेवर गेलाच नाहीत?”

“याच वेळेस गेलो ना साहेब! हातगाडीवर माहीच सुपारी होती. पोतं फुटलं. पोलीस लिहून राहिले होते अन् मी नालीतून सुपारी वेचून राहिलो होतो. डाव्या बाजूच्या!”

जजसाहेबांनाही हसू आवरलं नाही. कागद घेऊन आलेले हवालदार तेवढे छताकडे पाहत बसले.

निकाल सुखदेवच्या बाजूने लागला. बाहेर आल्यावर तानाबाई म्हणाली, “तुम्ही काहून एवढे घाबरले होते जी?”

तेव्हापासून मी नक्कल हाती आली की आधी खालची सही वाचतो, आणि साक्षीदाराला कोर्टात उभं करण्याआधी त्याच्या ठेल्यावर जाऊन पान खातो.