हौसामावशींचं झाकणाचं भांडं

पासलीच्या शाळेवर माझी बदली झाली, त्या वर्षी ऐन भातलावणीत बायकोला कावीळ झाली. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, आणि आम्ही घरी परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर दरड कोसळून एसटी बंद पडली. तिच्या पोटात काही टिकेना. मी केलेली पेज तर वासानंच उलटून यायची. पंचवीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, पण तांदूळ आणि पाण्याचं प्रमाण मला कधी जमलं नाही. भोरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत लोक माझ्याकडून प्रार्थना करून घ्यायचे, आणि इथे तिच्या उशाशी बसून मला एक शब्द सुचत नव्हता. देव ऐकतो तरी का, असं तेव्हा मनात आलं, ते आज कबूल करतो.

अशात एका सकाळी शेजारच्या हौसामावशी झाकणाच्या भांड्यातून पेज घेऊन आल्या. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आम्हाला गावात येऊन जेमतेम महिना झालेला, धड तोंडओळखही नव्हती. ती पेज बायकोच्या पोटात टिकली, आणि मावशी लावणीला जाता जाता रोज आणू लागल्या. आता, कोणाचं भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत, आणि मी रीतीच्याही दोन पावलं पुढे. कधी साखर, कधी शेंगदाणे, कधी बिस्किटांचा पुडा घालूनच भांडं परत जायचं. कुणाचा उपकार डोक्यावर ठेवायचा नाही, हा माझा ताठा होता. मी त्याला स्वाभिमान म्हणायचो.

मग एके दिवशी घरातले डबे रिकामे झाले. साखर बायकोला पाण्यातून देऊन संपली होती, आणि रस्ता बंद म्हणून गावातल्या दुकानात माल येत नव्हता. भांडं लख्ख घासून मी फळीवर पालथं घातलं. काही मिळालं की देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. म्हातारी कंटाळली असेल असं वाटून मला चक्क रागच आला. बायको दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. तिसऱ्या सकाळी तिला कुशीवर वळायलाही आधार लागला, तेव्हा मी पुरता घाबरलो.

तेवढ्यात मावशी दारात. "गुरुजी, माजं भांडं?"

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, आत घालायला घरात काहीच नाही हो. रिकामं कसं देऊ?"

त्या बघतच राहिल्या. "आवो, माज्या घरात झाकणाचं त्येवढं एकच भांडं हाय! दोन दिस पेज शिजवतीया अन् तुमची वाट बगतीया. ह्या पावसात आणू कशात, पदरात? आजारी माणसाच्या घरी भांडं मागायचं म्हंजी मलाच लाज वाटत हुती."

मी भांडं रिकामंच त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. कृपा ही देवाची देणगी आहे, मजुरी नव्हे. ती कमावता येत नाही आणि फेडताही येत नाही, असं बायबल शिकवतं, आणि रविवारच्या उपासनेत मी ते कितीदा लोकांना समजावलं होतं. सगळं तोंडपाठ. तरी दोन दिवस त्या कृपेची वाट मीच अडवून बसलो होतो, आणि उपाशी राहिली माझी बायको. मला रडू आलं. मग कुठे प्रार्थना सुचली, तीही एवढीच की प्रभू, माझ्याकडे काही नाही.

अर्ध्या तासात पेज आली. बायको वाटीभर प्यायली, आणि सगळं ऐकल्यावर क्षीण हसून म्हणाली, "म्हणजे तुमचा मान राखायला मी उपाशी होय?" मी वाटी पुन्हा भरली. हळूहळू ती उठून बसली, बरी झाली.

पुढे बदली झाली. निघताना मी मावशींसाठी लुगडं नेलं. त्यांनी ते लगेच खांद्यावर पसरलं, "लई ग्वाड रंग हाय" म्हणत दोनदा हात फिरवला. कशाला आणलं म्हणाल्या नाहीत, परत काही देण्याची धडपड केली नाही. लहान मुलीसारख्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, "सावकाश जावा."

मावशी आता नाहीत. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. घ्यावं कसं, ते मी त्यांच्याकडून शिकलो. प्रभूनं त्यांना माझ्या दारी धाडलं; त्याचे रोज आभार मानतो, आणि फेडायला जात नाही.