फोटोतली पांढरी

लग्न होऊन मी नगरजवळच्या केडगावला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि तरी ते मला समुद्राबद्दल शिकवायचे. मी खाडीच्या तोंडाशी जन्मलेली, तांडेलाची मुलगी. बाबा गलबत घेऊन मंगलोरकडे जायचे, तिकडून कौलं भरून आणायची आणि कोकणातल्या बंदरांवर उतरवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. आणि हे, नगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मला सांगणार की समुद्र वरून काळा दिसतो! मी म्हणायची, वरून कशाला, एकदा समोरून बघा की. त्यावर नुसते हसायचे.

मुंबईत गिरणीच्या एकाच खात्यात माझे काका आणि ह्यांचे मामा होते, त्या दोघांनी हे लग्न जुळवलं. लागलं ते केडगावलाच. दुसऱ्या दिवशी बाबांच्या ताटात बाजरीची भाकरी आली, ती काही त्यांच्या घशाखाली उतरेना. तांब्यातल्या पाण्याबरोबर एकेक तुकडा गिळत होते. मला हळूच म्हणाले, "बाय, इथे तू खाणार काय गो?" सासूबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात वाटीभर भात यायला लागला. घरात बाकी कुणालाही नाही, फक्त मला. मला इतका संकोच व्हायचा की विचारू नका. पण खायची मात्र सगळा.

ह्यांच्या कॉलेजातल्या एका सरांना एक नाद लागला होता, आणि त्यांनी तो ह्यांनाही लावला. हवामानाचे उपग्रह वरून जाता जाता खालचे फोटो रेडिओवरून सोडत असतात, ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने पकडावेत, कुणाची आडकाठी नाही. मग लष्कराच्या लिलावातून भंगारवाल्याकडे आलेला जुना रिसीव्हर सरांनी मिळवला. ह्यांनी नळ्या वाकवून अँटेना केली आणि कॉलेजच्या गच्चीवर चढवली. उपग्रह यायच्या वेळेला हे गच्चीवर उभे राहून ती हाताने फिरवायचे, आणि खाली अंधाऱ्या खोलीत सर एका छोट्या पडद्यासमोर कॅमेरा उघडा ठेवून बसायचे. पडद्यावर उजेडाची एकेक रेघ यायची. रेघेखाली रेघ साचत गेली की झाला फोटो. सरांना त्यातून अरबी समुद्राचा अभ्यास करायचा होता, ढग कुठे जमतात, किनाऱ्याकडे कसे सरकतात, हे सगळं. ते दिवस दुष्काळाचे. नगरात नळाला धड पाणी नाही, आणि हे दोघे गच्चीवरून समुद्र शोधतायत! गल्लीत लोक तोंडावर हसायचे. मीही हसून घ्यायची, का सोडू?

पण खरं सांगायचं तर त्या फोटोंची मी वाट बघायची. संध्याकाळी हे घरी येताना एखादा फोटो घेऊन यायचे, आमच्या घरी समुद्र यायचा तो असा, आणि धुतलेला फोटो वाळलेला नसल्यामुळे ओलाच यायचा. आईसमोर बायकोशी बोलत बसायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून खोलीत गेल्यावर दाखवायचे. काळा तो समुद्र, करडी ती जमीन, पांढरे ते ढग. किनाऱ्याच्या रेघेवर बोट ठेवून म्हणायचे, हे तुझं गाव. मी विचारायची, आमचं घर? तर म्हणायचे, घर राहू दे, तुझं अख्खं गाव ह्या ठिपक्याच्या आत मावतं. मग मी काळ्यावर बोट फिरवत बसायची. ह्यातच कुठेतरी बाबा आहेत, एवढं मला पुरायचं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आईने शेजारच्या मुलाकडून कार्ड लिहवून पाठवलं की दसरा करून बाबा मंगलोरला गेलेत, कौलं उतरवली की तुला न्यायला येतील. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. सासूबाईंनी ओटीचा खणही आणून ठेवला.

आणि फोटो बंद झाले. हे म्हणाले, यंत्र बिघडलंय. बरं, म्हटलं. मी रेडिओ लावायला गेले तर त्यात सेल नाहीत. संपले, म्हणाले. आदल्याच आठवड्यात नवे घातले होते, मी काय दूधखुळी होते? शिवाय माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेनात, आणि भातावर स्वतः तूप वाढायला लागले. नवरा उगाचच इतका चांगला वागायला लागला की मनात पाल चुकचुकतेच. मी विचारलं की काहीतरी भलतंच बोलायचे. पोटुशी बाईच्या कानावर वाईट घालू नये, असं आमच्या घरात मानायचे, आणि ते त्यांनी जरा जास्तच मानलं. मी झुरायला लागले. जेवण जाईना.

सासूबाईंना फक्त एवढंच दिसत होतं की बाप न्यायला येत नाही म्हणून पोर सुकली आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी गाद्या उन्हात काढल्या, तर ह्यांच्या गादीखाली एक फोटो निघाला. तो घेऊन त्या चुलीपाशी आल्या, आनंदाने नुसत्या फुलल्या होत्या. लेकाने आभाळातून सुनेच्या माहेराकडचा फोटो काढलाय, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. कधी पाहिलेला नव्हता.

इथे एक सांगायला हवं. आमच्या कोकणात माती तांबडी. केडगावला आल्यावर मला कळलं की देशावर जमिनीचे दोनच रंग, गाव वसतं ती पांढरी आणि पीक येतं ती काळी. शेतकरी माणूस दुसऱ्या कुठल्या डोळ्यांनी बघणार?

"हे बघ तुज्या म्हायेराकडचं," त्या माझ्याशेजारी बसत म्हणाल्या. "ही समदी काळी. कसली जमीन हाय गं! आन् ही पांढरी बघ, केवढं मोठं गाव. मधी आड बी हाय. एवढ्या मोठ्या गावात तुज्या बापाला कोन उपाशी ठेवील? उतरलं आसतील तितंच. येतील. तू दोन घास खा."

मी फोटो बघितला. काळ्या समुद्रात पांढऱ्या ढगांचं केवढं तरी वेटोळं पडलं होतं, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये एक काळा ठिपका. त्यांचा आड. तांडेलाच्या मुलीला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. यंत्र का बिघडलं, सेल कुठे गेले, भातावर तूप का आलं, सगळं एका क्षणात कळलं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या घरात, त्या दुष्काळात, मला धीर द्यायला त्यांनी मला एक अख्खं गाव आणि पाण्याने भरलेला आड आणून दिला होता. मी म्हटलं, "हो आई. मोठं गाव आहे." आणि त्यांच्यासमोर दोन घास खाल्ले. कसे खाल्ले ते माझं मला माहीत.

संध्याकाळी हे आले तेव्हा तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. खूप चिडायचं ठरवलं होतं, पण ते मटकन खालीच बसले. मग सगळं सांगितलं. वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि दुसऱ्या दिवशी विरलं. गावाला तार केली होती, तिचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, एवढा समुद्र दिसतो तुमच्या यंत्राला, मग माझे बाबा का दिसत नाहीत?

"सगळं दिसतं गं," ते म्हणाले, "फक्त गलबत दिसत नाही." आणि रडायला लागले. समुद्र न पाहिलेला माणूस माझ्या बापासाठी रडत होता, त्याच्यावर मी काय रागावणार.

त्यानंतर रोज दुपारी सासूबाई पुण्याच्या रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसायच्या. येस्टी थांबली की उठून बघायच्या. मी बघायचीच नाही. मला धीर नव्हता.

वसुबारसेच्या दिवशी बाबा आले. हातात नारळ नाही, पिशवी नाही, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि सासूबाई मागून म्हणत होत्या की मी म्हनलंच हुतं, येतील. पाय धुवायला पाणी घालता घालता ह्यांनी बाबांना हळू आवाजात फोटोचं सांगितलं, आणि सासूबाईंनी त्यात काय पाहिलं तेही. बाबांनी नुसती मान हलवली. मग ओट्यावर बसून सांगत राहिले. सगळी कौलं समुद्रात टाकली, शीड उतरवलं, आणि गलबत कसंबसं एका खाडीत घुसलं. माणसं सगळी वाचली. गलबताचं काही विचारू नका, म्हणाले.

सासूबाई आतून फोटो घेऊन आल्या. हे त्यांना अडवायला उठले, मी सदरा धरून खाली बसवलं.

"पाव्हनं," सासूबाईंनी विचारलं, "ह्यात कुटं हुता तुमी?"

बाबांनी फोटो हातात घेतला. ज्याच्या तावडीतून वाचून आले, ते त्यांनी वरून पहिल्यांदाच पाहिलं. मग पांढऱ्याच्या अगदी कडेला बोट टेकवलं.

"इथे, विहीणबाई. वेशीवर. आत नाही शिरलो."

"अवं, मंग शिरायचं की! एवढं मोठं गाव, आन् कुनी भाकर बी इचारली न्हाई व्हय?"

"नाही विचारली," बाबा म्हणाले.

सासूबाईंना त्या गावाचा फार राग आला. आत जाऊन त्यांनी चूल पेटवली, पीठ मळलं, आणि भाकरी थापता थापता त्या गावाला नावं ठेवत होत्या. ताट वाढून आणलं. भातही टाकलाय, म्हणाल्या, जरा दम धरा. बाबा म्हणाले, भात नको, भाकरीच द्या.

"खावा पोटभर," सासूबाई म्हणाल्या. "हे बी गावच हाय."

बाबांनी मान खाली घालून भाकरी मोडली. ती संपल्यावर आणखी मागून घेतली. पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताला भरलेला तसाच राहिला.