दोन श्वासांचा उशीर

माझा थोरला भाऊ एकोणीस वर्षं रग्बीचा पंच होता. हौशी पंच. आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि शनिवारी दुपारी अर्ध्या चड्डीत मैदानावर उभा राहून तीस दांडग्या माणसांच्या शिव्या खायचा. वहिनी म्हणायची, "घरात मी एक शब्द बोलले तर ह्यांना लागतो, आणि तिकडे तीस जण आईबाप काढतात ते चालतं." दादा नुसता हसायचा आणि जुन्या चमच्याने बुटांचा चिखल खरवडत बसायचा.

मैदानावर त्याला सगळे मास्तर म्हणत. हाडाचा काटेकोर माणूस. कामावरही तसाच. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत ब्रेक दोनदा मारून बघितल्याशिवाय तो जिना उतरायचा नाही. त्याच्या हाताखालच्या मेकॅनिकांना याचा वैताग यायचा, पण त्याने सही केलेल्या लिफ्टमध्ये माणसं बिनघोर चढत.

मी सांगतेय तो त्याचा शेवटचा हंगाम. चौदा शनिवारांचा. अकरा संघ आणि पंच फक्त चार, त्यामुळे दादाला एकही शनिवार मोकळा नव्हता. तिसऱ्या शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. त्याचे कोरडे कपडे घरी राहिले म्हणून वहिनीने ते माझ्याबरोबर पाठवले. नाहीतर मी काही तिकडे फिरकणारी नव्हे. मी छत्री धरून कुंपणाशी उभी होते, म्हणून जे झालं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांच्या खांद्यांत डोकी घालून टक्कर देतात. मधल्या फटीत चेंडू सोडतात आणि दोन्ही बाजू रेटतात. पुढच्या ओळीत तिघे असतात, आणि मागच्या पाच जणांचा सगळा जोर त्या तिघांच्या मानेवर येतो. कोणी घसरला, की पंचाने त्या क्षणी शिट्टी मारायची. शिट्टी झाली की सगळे रेटायचं थांबवतात. बाकी काही चुकलं तर भांडणं होतात. इथे चुकलं तर मान मोडते.

त्या दिवशी चिखलामुळे स्क्रम सारखा ढासळत होता आणि दादा सारखी शिट्टी मारत होता. खेळाडू वैतागले, बघणारे त्याहून जास्त. माझ्या शेजारचा एक जण ओरडला, "मास्तर, शिट्टी आहे का कुकर? झाल्या की तीन, उतरवा आता." लोक खो-खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या स्क्रमला दादाने नेहमीसारखे हुकूम दिले. "वाका. धरा. भिडा." ते भिडले. चेंडू आत गेला. आणि मग तो सगळा ढीग एका बाजूने खचला, पण मागचे रेटतच राहिले. शिट्टी झाली, पण उशिरा झाली. किती उशिरा, हे मला तेव्हा कळलं नाही.

सगळे उठले. पुढच्या ओळीतला मधला गडी उठला नाही. तो फरशा बसवायची कामं करायचा, पस्तिशीचा, रुंद पाठीचा. त्याला सगळे फरशीवालाच म्हणत. तो उताणा पडला होता, डोळे उघडे. दादा त्याच्या डोक्याशी चिखलात पालथा पडला आणि दोन्ही तळहातांनी त्याचं डोकं घट्ट धरलं. "कोणी हात लावायचा नाही," एवढंच तो म्हणाला. फरशीवाल्याच्याच संघातला एक जण त्याला ओढून बाजूला घ्यायला निघाला होता, त्याच्यावर दादा असा गुरकावला की तो मागे सरला.

फरशीवाला हळूच म्हणाला, "मास्तर, माझे पाय कुठे आहेत बघा ना."

"आहेत," दादा म्हणाला. "जागेवर आहेत."

ॲम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ दादा त्याच स्थितीत होता. मी दोघांवर छत्री धरली. नंतर दादाचे हात सोडवावे लागले, बोटं आपोआप उघडेनात.

सोमवारपर्यंत पंचाला लेखी अहवाल द्यावा लागतो. दादाने रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो लिहिला आणि मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'उजवीकडच्या गड्याचा गुडघा घसरताना मी पाहिला. चेंडू बाहेर येण्याच्या बेतात होता, म्हणून मी साधारण दोन श्वास थांबलो. शिट्टी मारायला मी उशीर केला.'

लीगचे सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर. ते दुपारी स्वतः घरी आले. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, हे मनातलं झालं. कागदावर काय हवं, जे दिसलं ते."

"हेच दिसलं, डॉक्टर."

"दोन श्वास कोणी मोजले? तुम्ही घाबरलेले आहात. हे असं गेलं तर उद्या कुठलाही पंच उभा राहणार नाही. लीग बंद पडेल. आणि त्या बिचाऱ्याचे पाय काही परत येणार नाहीत."

वहिनी दारात उभी होती. तिने दोन्ही हात जोडले. "ऐका हो त्यांचं. नोकरीतसुद्धा तुमच्या सहीवर लोकांचा जीव असतो. उद्या तिथे कोणी विचारलं तर?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं. त्याने दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'ओल्या मैदानावर स्क्रम अचानक कोसळला.' डॉक्टरांनी घडी घालून तो खिशात ठेवला आणि चहा न घेताच गेले.

लीगच्या समितीने पंधरा दिवसांत निर्णय दिला, अपघात. कोणाचा दोष नाही.

दादाने दोनच शनिवार सुट्टी घेतली. मग डॉक्टरांचे फोन सुरू झाले, पंच नाहीत, सामने रद्द होतायत, आणि तुम्ही घरी बसलात तर लोक नाही नाही ते बोलतील. तो परत गेला. पण तो पंच आता राहिला नव्हता. स्क्रमला गडी वाकले की शिट्टी आधीच त्याच्या ओठांत. कोणाचा पाय जरासा हलला की शिट्टी. एका सामन्यात त्याने चेंडू आत जाऊच दिला नाही, पुन्हा पुन्हा उठवत राहिला. शेवटी दोन्ही कप्तान त्याच्याकडे आले आणि एक जण अगदी नरमाईने म्हणाला, "मास्तर, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" शिवी दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

कामावरही तेच. ब्रेक दोनदा बघणारा माणूस दहादा बघायला लागला. एकदा तेरा मजले उतरून खाली आला, फाटकापर्यंत गेला आणि परत तेरा मजले चढून गेला. चालत, कारण त्याच लिफ्टने जायचा त्याला धीर होईना. सहीच्या जागा कोऱ्या राहायला लागल्या. साहेबाने बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "मला खात्री नाही." कशाची, ते सांगता येईना. वहिनी ताट वाढून समोर बसायची आणि तो घासाकडे बघत राहायचा. तिने मला एकदा जिन्यात गाठलं. "तुझा भाऊ घरात आहे, पण माझ्या हाताला लागत नाही गं. काय करू ते सांग."

दर बुधवारी कामावरून सुटला की तो हॉस्पिटलात जायचा. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. फरशीवाल्याला हात कोपरात थोडे वाकवता येत होते, बाकी मानेखाली काही नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोकं हललं असतं तर हातही गेले असते. त्यामुळे त्याची बायको दादाला बघितलं की उठून उभी राहायची, स्टूल पुढे करायची. "भाऊ, तुम्ही होतात म्हणून," एवढं म्हणून ती थांबायची. दादा त्याला चमच्याने सूप भरवायचा, नाक खाजलं तर खाजवायचा. बाहेर आल्यावर तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहायचा. मी एकदा बरोबर होते. तो म्हणाला, "छोटे, तिने मला एक थोबाडीत मारली असती तरी मी जगलो असतो."

"मग सांगून टाक ना," मी म्हणाले.

"सांगून काय, माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवू?"

असे सहा बुधवार गेले. सातव्या बुधवारी फरशीवाला सूप घेईना. तोंड फिरवून पडून होता. मग म्हणाला, "मास्तर, एक विचारायचंय. संघातले दोघं आले होते. सगळीकडे बोलतायत की स्क्रम मीच पाडला. समोरच्यांविरुद्ध पेनल्टी मिळावी म्हणून मुद्दाम खाली ओढला आणि माझंच अंगाशी आलं. अचानक कोसळला म्हणजे कोणीतरी पाडलाच असणार ना? तुम्ही तर हातभर अंतरावर होतात. तुम्ही सांगा. मी पाडला का?"

दादाच्या हातात वाटी होती. ती त्याने खाली ठेवली.

"तू नाही पाडलास."

"मग?"

"तुझ्या उजव्या बाजूच्याचा गुडघा घसरला. मला दिसलं. त्याच वेळी शिट्टी मारायला पाहिजे होती. मी थांबलो."

"का?"

"चेंडू निघेल असं वाटलं. लोक हसत होते. मी थांबलो."

"किती?"

"दोन श्वास."

त्याची बायको खिडकीपाशी टॉवेल घडी करत होती. तिचे हात जागच्या जागी राहिले. फरशीवाला छताकडे बघत म्हणाला, "हे कागदावर आहे?"

"नाही. होतं. मी बदललं."

"मग आधी कागदावर आणा. तोपर्यंत इथे येऊ नका."

दादा दुसऱ्याच दिवशी दातांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पेशंट खुर्चीत तसाच ठेवून त्याला बाहेरच्या खोलीत घेतलं. फाइल बंद झाली आहे, समितीचा निर्णय झाला आहे, आता उकरून काढलं तर पहिल्यांदा खोटं लिहिल्याबद्दलच पकडतील, असं बरंच बोलले. दादाने नवा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलून त्याच्याच खिशात घातला.

शेवटच्या शनिवारी अंतिम सामन्याआधी सगळ्या संघांचे कप्तान आणि खेळाडू क्लबच्या सभागृहात जमतात. वर्षाचा आढावा, टाळ्या, मग खेळ. दादा कधी नव्हे तो कोट घालून गेला. मीही गेले, एकटा जाईल कसा. डॉक्टर बोलत असतानाच तो उभा राहिला आणि कागद वाचायला लागला. आवाज फुटत नव्हता, मागून कोणीतरी म्हणालं, "मोठ्याने." मग त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचलं. गुडघा दिसला, थांबलो, दोन श्वास, अहवाल बदलला. शेवटी म्हणाला, "त्याने काही पाडलं नाही. जो कोणी तसं बोलतो त्याने माझं नाव घ्यावं."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. काही जण जमिनीकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, "आपण यावर समितीत बोलू." कोणीतरी घड्याळ बघून म्हणालं की मैदान तयार आहे, आणि लोक खरोखरच उठून बाहेर पडायला लागले. एवढं बोलायला त्याला अकरा आठवडे लागले होते, आणि दोन मिनिटांत खोली रिकामी झाली.

एक जण मात्र मागे राहिला. बेकरीत काम करणारा, जाड मानेचा, उजवीकडचा तो गडी. तो दादासमोर येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "माझा गुडघा होता, मास्तर. मी कोणाला बोललो नाही. लोक त्याच्यावर ढकलत होते आणि मी गप्प बसलो."

दादाने त्याच्या दंडाला धरलं. "गुडघा घसरतोच. त्यासाठीच तर मला तिथे ठेवलं होतं."

समितीने दादाचं नाव पंचांच्या यादीतून काढलं. कारण दिलं, अहवालात फेरफार. ते खरंच होतं. दोन संघांनी त्याची बाजू घेणारं पत्र दिलं, त्याने ते परत घ्यायला लावलं.

नव्या अहवालाचा सही-शिक्क्याचा कागद घेऊन तो बुधवारी हॉस्पिटलात गेला. फरशीवाल्याची बायको वॉर्डाच्या दारातच उभी होती. तिने तिथेच कागद वाचला, पुन्हा वाचला. "हा आधी दिला असतात, तर त्यांना हे सगळं ऐकावं तरी लागलं नसतं."

"हो."

"त्यांना देते मी. तुम्ही आता येऊ नका."

तो गेला नाही त्यानंतर. घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला, तो तीन दिवस. वहिनी त्याच्या पाठीशी बसून राहिली. चौथ्या दिवशी उठून त्याने साहेबाला सांगितलं की सहीचं काम मला नको. आता तो सुट्या भागांच्या गोदामात बसतो. तिथे कोणाचा जीव त्याच्या हातात नसतो. केस पांढरे झालेत, बोलणं कमी झालंय. बरा झाला असं मी म्हणणार नाही. जेवतो, एवढं खरं.

गेल्या महिन्यात मला ती बाजारात दिसली, फरशीवाल्याची बायको. मी तोंड चुकवून जाणार होते, पण तीच थांबली. म्हणाली, "हाताला पट्टा बांधला की चमचा धरतात. आपलं आपण खातात." आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेली. ते दादाला सांगावं असं तिला वाटलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं. दादा गोदामातल्या मांडणीसमोर बोल्ट वेगळे करत होता. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं.

"कोणत्या हाताने?" त्याने विचारलं.

मी ते विचारलं नव्हतं.